जागा दिसते, पण गाडी बसेल का?

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने निघाले, गायमुखचा घाट उतरला की थोड्या अंतरावर चेणे लागते. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी आणि मधून रात्रंदिवस न थांबणारा रस्ता. कंटेनर, ट्रेलर, बस, रिक्षा, पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी सहलीला आलेल्यांच्या गाड्या. अशा गावात राहणारी, पंचेचाळिशीत परवाना काढलेली एक बाई डोळ्यांसमोर आणा. कंटेनरच्या शेजारून ती गाडी नीट चालवते. तिची छाती धडधडते ती मीरा रोडच्या एखाद्या गल्लीत, दोन उभ्या गाड्यांमधली रिकामी जागा समोर दिसली की. मागे रिक्षावाला हॉर्न देतो, दुकानदार पायरीवर येऊन बघू लागतो, आणि ती ‘पुढे बघू’ म्हणत तीन चकरा मारून परत फिरते. पुढच्या वेळी ती रिक्षानेच जाते. महिनाभरात परवाना कपाटात आणि गाडी अंगणात, कापडाखाली.

ही तक्रार घेऊन कोणी डॉक्टरकडे जात नाही. पण तिची किंमत आरोग्याच्याच हिशेबात मोजावी लागते. मध्यरात्री सासूबाईंना धाप लागली, नवरा कामावर आहे, आणि भाईंदर पश्चिमेच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयापर्यंत न्यायचे आहे, अशा वेळी दारात उभ्या गाडीची किल्ली हातात असूनही हात चालत नाहीत. ‘तिथे गाडी लावू कुठे’ या प्रश्नावर अडलेली माणसे खूप आहेत आणि त्यात पुरुषही आहेत. ते बोलत नाहीत एवढेच.

यातली पहिली चूक म्हणजे या अडचणीला भित्रेपणा समजणे. नव्या चालकाला जे कमी पडते ते धाडस नसते, त्याच्या मेंदूत गाडीचा नकाशा अजून तयार झालेला नसतो.

आपले शरीर कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याचा एक जिवंत हिशेब मेंदू सतत ठेवत असतो. हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञांनी १९११ साली या कल्पनेची सविस्तर मांडणी केली. टोपीत पीस खोवणाऱ्या बाईचा हा हिशेब त्या पिसाच्या टोकापर्यंत पोचतो, असे त्यांचे निरीक्षण होते. आपल्याकडे पिसाची टोपी नको, डोक्यावरचा हंडा पुरे. हंडा घेऊन येणारी बाई बुटक्या दारातून आत शिरताना नेमकी तेवढीच वाकते. ती मोजत नाही; हंडा तिच्या उंचीत जमा झालेला असतो. भाईंदरहून लोकल पकडणाऱ्यालाही हे कळते. पाठीवरची बॅग पोटावर घेतली की गर्दीतल्या कोणत्या फटीतून आपण आत सरकू शकतो, हे त्याला विचार न करता उमगते.

जपानमध्ये अत्सुशी इरिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली माकडांवर केलेला प्रयोग याच वाटेवरचा आहे. माकडांना लांबचा खाऊ ओढून घ्यायला दाताळ्यासारखे हत्यार दिले. हाताभोवतालची जागा टिपणाऱ्या मेंदूतल्या काही पेशी हत्यार वापरल्यानंतर हत्याराच्या लांबीपर्यंतची जागा टिपू लागल्या. महत्त्वाचे असे की हत्यार नुसते हातात धरून हा बदल झाला नाही, ते कामाला लावल्यावर झाला. गाडीचेही तेच. शेजारच्या सीटवर दहा वर्षे बसून गाडीची रुंदी अंगात भिनत नाही. स्वतः चालवून, आणि तीही अगदी हळू, अगदी जवळून चालवून, भिनते.

यात मोटार हे हंड्यापेक्षा कठीण ओझे आहे. चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डावी बाजू त्याच्यापासून हातभर नव्हे, चांगली दोन हात लांब असते. बॉनेटचे टोक आजकालच्या उतरत्या बांधणीत दिसतही नाही. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे गाडीला त्वचा नाही. भिंत जवळ आली हे गाडीला कळत नाही. कळते ते ओरखडा उठल्यावर.

जागाही तशी ऐसपैस नसते. महाराष्ट्राच्या बांधकाम नियमांत एका मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. स्विफ्टसारख्या गाडीची रुंदी आरसे सोडून १,७३५ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन मीटरला जरा कमी. गाडी अगदी मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना ३८-३८ सेंटिमीटर उरतात, दीड-दोन वीत. त्यात दार उघडायचे आणि पोट आत घेऊन उतरायचे. हे कागदावरचे. जुन्या इमारतीत खांब, पाण्याची मोटर, जिन्याखाली लावलेल्या दुचाकी आणि कुंड्या या हिशेबात धरलेल्याच नसतात. मात्र हे आकडे एकदा समजले की थोडा धीर येतो. आपल्याला जे अवघड वाटते ते खरोखरच अवघड आहे, आपण मुळात कच्चे आहोत असे नाही.

आता चाकांकडे वळू. साध्या मोटारीची पुढचीच चाके वळतात, मागची वळत नाहीत. ही मांडणी मोटारीआधीची, घोड्याच्या बग्गीची आहे. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर या बग्गी बनवणाऱ्याची ती कल्पना, आणि रुडॉल्फ आकरमान याने १८१८ साली लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. तिचा परिणाम असा की वळताना गाडी ज्या बिंदूभोवती फिरते, तो बिंदू नेहमी मागच्या दोन चाकांच्या रेषेत, गाडीच्या बाहेर असतो. यातून अडचणीच्या जागेतले जवळपास सगळे ओरखडे उलगडतात. पुढे जाताना वळलो की मागचे आतले चाक कोपरा कापते, म्हणून खांबाजवळून बाहेर निघताना मागचे दार घासते. मागे जाताना वळलो की पुढचा बाहेरचा कोपरा रुंद फेकला जातो, म्हणून नजर मागच्या काचेत अडकलेली असताना पुढचा बंपर शेजारच्या गाडीला लागतो.

आणि म्हणूनच अरुंद जागेत गाडी रिव्हर्समध्ये घालणे सोपे जाते. नव्या चालकाला हे उलटे वाटते. घोडबंदरच्या खाडीतली होडी आठवा. तिचे सुकाणू मागे असते. ते फिरवले की मागचा भाग बाजूला सरकतो आणि नाक हवे तिकडे वळते, म्हणून थोड्या पाण्यातही ती धक्क्याला लागते. मोटार मागे चालली की तिचीही वळणारी चाके जाण्याच्या दिशेच्या मागच्या टोकाला येतात. आधी न वळणारी चाके खाचेच्या तोंडाशी आणायची, मग नाक फिरवून रेषेत घ्यायचे. समोरून घुसणाऱ्या गाडीला हे करता येत नाही. तिचे मागचे चाक शेजाऱ्याच्या दाराकडे ओढत जाते. समांतर पार्किंगला किमान किती जागा लागते, याचे सूत्र लंडनच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातले गणिती सायमन ब्लॅकबर्न यांनी २००९ साली मांडून दाखवले होते. ते सूत्र पाठ करून कोणी गाडी लावत नाही. पण गणित ठरलेले आहे, म्हणजे हात तेच तेवढेच वळले तर गाडी दरवेळी तिथेच जाणार, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मग मोकळ्या मैदानात जमलेले गल्लीत का बिघडते? बघणाऱ्यांमुळे. १९६५ साली रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने मांडले की कोणी बघत असेल तर अंगवळणी पडलेले काम अधिक चांगले होते आणि नवे, अवघड काम बिघडते. चार वर्षांनी त्याने आणि सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर करून पाहिले. सरळ नळीतून उजेडापासून पळायचे असेल तर इतर झुरळे ‘प्रेक्षक’ म्हणून ठेवल्यावर झुरळ जास्त वेगाने पळाले. वळणाच्या वाटेत मात्र प्रेक्षकांसमोर त्याला जास्त वेळ लागला. झुरळाला अब्रूची चिंता असते असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा पायरीवर उभ्या दुकानदारासमोर स्टेअरिंग उलटे फिरले तर त्यात मनाचा कमकुवतपणा शोधू नये. अ‍ॅड्रिनलिन वाढते, नाडी वाढते, तळहात घामेजतात, लक्षाचा झोत अरुंद होतो आणि आरशातले कडेचे दिसेनासे होते. त्यात वॉचमनचे ‘येऊ द्या, येऊ द्या’, शेजारी बसलेल्याचे ‘अगं, डावीकडे’, सेन्सरची पीपी आणि मागचा हॉर्न. एका वेळी एवढे ऐकून हात चालवणे जुन्या चालकालाही जड जाते.

बायकांना पार्किंग जमत नाही, हा विनोद या गोंधळात भर घालतो. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुरुषांनी गाड्या अधिक वेगाने आणि अधिक अचूक लावल्या, हे खरे. पण पुढचे निरीक्षण विनोद करणारे सांगत नाहीत. नवशिक्यांची कामगिरी मनातल्या मनात आकृती फिरवून पाहण्याच्या क्षमतेशी जुळत होती. अनुभवी चालकांची मात्र स्वतःविषयीच्या मताशी. एका अभ्यासावर फार इमला उभारू नये, तरी ‘तुला जमायचे नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकणाऱ्याचे काय होत असेल याचा अंदाज त्यावरून येतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतल्या चालक चाचणीच्या यादीत मर्यादित जागेत उजवीकडे किंवा डावीकडे, ताबा ठेवून आणि बऱ्यापैकी अचूकपणे गाडी मागे घेता येणे हे कौशल्य स्पष्ट लिहिलेले आहे. प्रत्यक्षात मोटार ट्रेनिंग स्कूलचे बरेचसे दिवस गिअर आणि रस्ता यांतच जातात. शिवाय शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच-ब्रेक असतो आणि त्याचा एक हात स्टेअरिंगवर. परवाना मिळाल्यावर पहिल्यांदा गाडी एकट्याने लावायची वेळ येते ती भर बाजारात. म्हणजे सराव झालाच नाही, थेट परीक्षा.

तेव्हा सराव वेगळा करावा लागतो आणि तो घोडबंदर रस्त्याच्या कडेला करू नये. गावातले मोकळे आवार, मालकाची परवानगी घेऊन, सकाळी लवकर. सोबत परवानाधारक, शांत स्वभावाचे एकच माणूस. शिकाऊ परवाना असेल तर असे माणूस शेजारी हवेच. दोन गाड्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या बादल्या ठेवाव्यात. बादली लागली तर आवाज होतो, खर्च होत नाही.

सगळ्यात उपयोगी व्यायाम मात्र गाडी लावण्याचा नाही, अंदाज तपासण्याचा आहे. भिंतीकडे हळूहळू जायचे, ‘आता एक हात उरला’ असे वाटले की थांबायचे, हँडब्रेक लावून उतरायचे आणि बघायचे. पहिल्या दिवशी बहुतेकांचे एक हात प्रत्यक्षात तीन-चार हात निघतात. मग मागची भिंत, मग डावी बाजू. आधी अंदाज, मग मोजमाप. नुसते मोजत बसले तर मेंदू शिकत नाही, चुकलेला अंदाज त्याला सुधारायला लावतो. हे काम मुख्यतः लहान मेंदूचे, डोक्याच्या मागच्या भागातल्या अनुमस्तिष्काचे. अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतला फरक घेऊन तो पुढची हालचाल दुरुस्त करतो. त्यासाठी चुका लागतातच, फक्त त्या स्वस्त असाव्यात. बादलीचे कारण हेच.

रविवारी एकदम तीन तास घालवण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बरी. ब्रिटिश टपाल खात्याच्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन यांनी हे तपासले होते. तो अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला एकच तास शिकणाऱ्यांना दिवसाला चार तास शिकणाऱ्यांपेक्षा एकूण कमी तास लागले. गंमत म्हणजे आपल्या प्रगतीवर सर्वांत नाखूश हीच मंडळी होती, कारण दिवस जास्त लागत होते. हातांनी शिकलेले कौशल्य झोपेतही पक्के होते, त्यामुळे काल न जमलेले आज सकाळी जमले तर नवल वाटू नये.

बादल्यांमध्ये दहापैकी नऊ वेळा गाडी नीट बसू लागली की जागा बदलावी. आधी स्वतःच्या आवारात, मग दुपारच्या निवांत वेळी ओळखीच्या गल्लीत, मग गर्दीत. पायरी गाळू नये. भीती वाटली म्हणून प्रत्येक वेळी निघून आले तर त्या क्षणी सुटल्यासारखे वाटते आणि नेमके त्यामुळेच भीती पक्की होते. दोनदा पुढे-मागे करून गाडी सरळ करणे ही चूक नाही. उतरून जागा बघून येणे हीसुद्धा चूक नाही, ट्रेलरचे मुरलेले चालकही उतरून बघतात. हॉर्न वाजला तर इंडिकेटर चालू ठेवून एक लांब श्वास सोडावा आणि हात आपल्या गतीने फिरवावेत. मागच्याचे अर्धे मिनिट जाते, आणखी काही नाही.

इशारा करणारा एकच असावा आणि आरशात दिसेल असा, बाजूला उभा असावा. तो आरशातून नाहीसा झाला की गाडी तिथेच थांबवायची. गाडी आणि भिंत यांच्या मधे कोणी उभे राहायचे नाही, कितीही मदतीची इच्छा असली तरी. घाबरलेल्या पायाला ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांत फरक करता येत नाही असे प्रसंग पार्किंगच्या जागीच जास्त घडतात. मागे बघण्यासाठी कंबर वळते, तिच्याबरोबर पाय सरकतो, आणि ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो. गाडी पळाली की घाबरून तोच पाय अधिक दाबतो. सपाट जागेत गाडी लावताना अ‍ॅक्सिलरेटरची फारशी गरज नसते. गिअरच्या गाडीत हाफ क्लचवर आणि ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक हलका सोडून गाडी मुंगीच्या पावलाने जाते. पाय ब्रेकवरच ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. आणि सुटणारी चप्पल घालून गाडी चालवू नये.

चाळिशीनंतर शिकणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी तपासून घ्याव्यात, कारण कधीकधी अडचण सरावाची नसतेच. मानेच्या मणक्यांची झीज असेल तर मान पुरती वळत नाही आणि माणूस नकळत डावीकडे बघणे टाळतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या कडा अंधुक असतात, खालचा भाग वाचनाचा असतो; नुसते डोळे फिरवून बाजूच्या आरशात पाहिले तर धूसरच दिसणार, त्यासाठी पूर्ण मान वळवावी लागते. काचबिंदूत कडेची नजर हळूहळू जाते आणि रुग्णाला पत्ता नसतो. जुन्या मधुमेहात तळपायांची जाणीव कमी झाली असेल तर पेडल किती दाबले हे कळत नाही; अशा रुग्णाने गाडी शिकण्याआधी पायांची तपासणी करून घ्यावी. सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. भर उन्हातून इमारतीखालच्या अंधाऱ्या पार्किंगमध्ये शिरल्यावर, मोतीबिंदूची सुरुवात असेल तर विशेषच, डोळे स्थिरावेपर्यंत क्षणभर थांबावे.

सेन्सर आणि कॅमेऱ्याबद्दल लोकांचे दोन टोकांचे मत असते. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. वटवाघळाप्रमाणे ते आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि प्रतिध्वनीवरून अंतर काढतात. बारीक गज, बंपरखालचा ठेंगणा दगड त्यांच्या तावडीतून सुटू शकतो. कॅमेऱ्याची भिंग रुंद दृश्य दाखवण्यासाठी असते आणि बाजूचे आरसे बहिर्वक्र असतात, म्हणून दोन्हींत वस्तू खऱ्यापेक्षा लांब वाटतात. ही साधने वापरावीत, पण अंदाज त्यांच्यावर सोपवू नये.

कॅमेऱ्यामागे एक दुःखद हकीकत आहे. २००२ साली अमेरिकेत लाँग आयलंडवर ग्रेग गुलब्रान्सन हे बालरोगतज्ज्ञ रात्री घरच्या आवारात गाडी मागे घेत होते. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा कॅमेरॉन गाडीमागे आला होता. तो त्यात गेला. डॉक्टरांनी आरसे पाहिले होते, मान वळवून मागेही पाहिले होते. एवढे लहान मूल मागच्या काचेतून दिसतच नाही. त्या मुलाच्या नावाचा कायदा २००८ साली झाला आणि मे २०१८ पासून तिथल्या नव्या मोटारींना मागचा कॅमेरा बंधनकारक झाला.

अंगण आणि इमारतीचे आवार हीच आपल्याकडे मुलांची खेळायची जागा. गाडी लावणे जमू लागले, हात सैल झाला की मागे बघणे राहून जाते; खरा धोका नवखेपणाइतकाच या टप्प्यावर असतो. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी गाडीभोवती एक पायी फेरी घालायची, मग लहान मूल कोणाच्या कडेवर किंवा कोणाच्या हाताला धरलेले आहे हे डोळ्यांनी पाहायचे, आणि त्यानंतरच रिव्हर्स टाकायचा. काच थोडी खाली ठेवली तर हाकही ऐकू येते. चेण्यातल्या अंगणात या फेरीला अर्धे मिनिट लागते, आणि बहुतेक वेळा गाडीखालून निघते ते सावलीला झोपलेले गल्लीतले कुत्रे.